साफ केलेला ईजीआर व्हॉल्व्ह महिन्याभरात पुन्हा अडकतोय? डिझेल गाडीतला मूळ दोष असा शोधा

चेक इंजिनची लाइट लागते, स्कॅनर लावला की ईजीआरचा (इंजिनचा थोडा धूर परत आत सोडणाऱ्या यंत्रणेचा) कोड निघतो, व्हॉल्व्ह खोलून साफ होतो, कोड पुसला जातो, गाडी आठ-पंधरा दिवस छान चालते आणि मग पुन्हा तीच लाइट. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कंटाळून नवीन व्हॉल्व्ह टाकला जातो आणि काही महिन्यांनी तोही अडकतो. ज्यांची गाडी या चक्रात सापडली आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सफाईची पद्धत पुढे आहेच, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: काजळी व्हॉल्व्हमध्ये तयार होत नाही, ती दुसरीकडे तयार होऊन तिथे साचते. कुठून येते ते सापडेपर्यंत केलेली सफाई टिकत नाही.

ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) व्हॉल्व्हबद्दल काय दिसतं

इंजिनच्या सिलिंडरमध्ये तापमान फार चढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड बनतात. ते रोखायला सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग परत आत घेतात. या धुरात ऑक्सिजन कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त, त्यामुळे ज्वलनाचं शिखर तापमान खाली येतं. आयडलवर आणि हलक्या रेसवर डिझेल इंजिनात आत जाणाऱ्या वायूचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा असा परत आलेला धूर असू शकतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॉल्व्ह बंद होतो, कारण तेव्हा सगळी ताजी हवा लागते. युरोपात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो ४ ला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम होती, युरो ५ ला १८० झाली आणि युरो ६ ला ८०. मर्यादा आवळत गेली तसं व्हॉल्व्हचं कामही वाढत गेलं.

आता महत्त्वाचा भाग. बहुतेक गाड्यांत ईजीआरमधून किती धूर गेला हे थेट मोजणारा सेन्सर नसतो. ईसीयू एअर फिल्टरच्या पुढे बसवलेल्या एअर फ्लो सेन्सरवरून अंदाज करतो. व्हॉल्व्ह उघडला की धुराने जागा घेतली, म्हणजे ताजी हवा तेवढी कमी यायला हवी. जास्त हवा आली तर 'धूर कमी गेला' असा निष्कर्ष निघतो, फारच कमी आली तर 'धूर जास्त गेला' असा. म्हणजे एअर फ्लो सेन्सर चुकला, एअर फिल्टर तुंबला किंवा एखादी नळी फाटली, तरी कोड ईजीआरच्याच नावाने येतो.

हे आकड्यांत बघा. २००० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ५०० सीसी. एका सीसी हवेचं वजन साधारण १.२ मिलिग्रॅम. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तर ६०० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात आयडलवर ईजीआर बंद असताना स्कॅनरवर साधारण ४२० ते ५०० मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दिसतात. ईजीआर उघडला की हाच आकडा २२० ते ३२० च्या आसपास उतरायला हवा. तुमचं इंजिन १२५० किंवा १५०० सीसीचं असेल तर त्याच हिशेबाने कमी धरा. व्हॉल्व्ह बंद असूनही आकडा २५० वर अडकलेला असेल तर एकतर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही किंवा सेन्सर कमी दाखवतोय. व्हॉल्व्ह उघडल्याचा हुकूम असूनही आकडा हलत नसेल तर धुराची वाट तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह बंद अडकला आहे. अर्ध्या केसेसमध्ये एवढ्या एका निरीक्षणावरून कामाची दिशा ठरते.

एक सावधगिरी: काही गाड्यांत बराच वेळ आयडलवर ठेवलं की ईसीयू स्वतःच ईजीआर बंद करतो. त्यामुळे आकडा वर गेलेला दिसला तर थोडी रेस देऊन सोडा आणि पुन्हा वाचा.

लक्षणं

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ते लगेच जाणवतं. गाडी उचल खात नाही, रेस दिली की काळा धूर येतो, आयडलवर इंजिन थरथरतं, सिग्नलला बंद पडतं, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेतं. बंद अडकला तर चालवताना फारसं काही कळत नाही. ज्वलनाचा टकटक आवाज थोडा वाढतो आणि लाइट लागते. अर्धवट अडकणारा व्हॉल्व्ह सर्वात फसवा. गाडी गरम झाल्यावर कमी वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० ते २००० आरपीएमला झटके देते आणि रेस वाढवली की गुळगुळीत चालते. हे झटके इंजेक्टरचे समजून इंजेक्टर बाहेर निघतात, म्हणून आधी आकडे बघा.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

पी०४०१ म्हणजे धुराचा प्रवाह अपुरा. इथे व्हॉल्व्हपेक्षा वाट तुंबलेली असण्याची शक्यता जास्त: पाइप, धूर थंड करणारा कूलर, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) उतरणारं तोंड. पी०४०२ म्हणजे प्रवाह जास्त. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल किंवा ताजी हवाच कमी येत असेल. पी०४०४ म्हणजे सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही. हा खरा 'अडकला' असं सांगणारा कोड. पी०४०३, पी०४८९ आणि पी०४९० वायरिंगचे व मोटरच्या सर्किटचे, तर पी०४०५, पी०४०६ आणि पी०४०९ जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचे. या शेवटच्या सहांसाठी काजळी घासत बसू नका, मल्टिमीटर घ्या. पी२४५७ कूलरच्या कामगिरीचा आहे. सोबत पी०१०१ असेल तर आधी एअर फ्लो सेन्सर आणि हवेच्या नळ्या बघायच्या.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या: कोड कोणत्या आरपीएमला, कोणत्या तापमानाला आणि किती लोडवर आला. पुसल्यावर ही माहिती जाते.

खोलण्याआधीची तपासणी

चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब आणि वातावरणाचा दाब बघा. दोन्ही सारखे हवेत, २०-३० मिलिबारपेक्षा जास्त फरक असेल तर मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर काजळीने बुजलेला आहे किंवा खराब आहे. तो काढून तोंड साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग एअर फिल्टर. बाहेरून स्वच्छ दिसला तरी घड्या उलगडून आत बघा. फिल्टर बॉक्सचं झाकण नीट बसलंय का, एअर फ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्यामधली नळी कुठे भेगाळली आहे का, तेही बघा. सेन्सरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी गळती असेल तर न मोजलेली हवा आत येते आणि सेन्सर कमी दाखवतो. टर्बोनंतर इंटरकूलरच्या नळीत गळती असेल तर मोजलेली हवा बाहेर पडते, इंजिनाला हवा कमी पडते आणि काजळी वाढते. नळीवर तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला की तिथेच भेग शोधा. नळी हाताने पिळून, वाकवून बघायची. सरळ स्थितीत भेग मिटलेली असते. धुराच्या मशीनने तपासता आलं तर उत्तमच.

एअर फ्लो सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने साफ करा, कार्ब क्लीनर किंवा कापूस कधीही लावू नका. त्याची परीक्षा रस्त्यावर होते: मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन ३००० आरपीएमला आकडा वाचा. २००० सीसीच्या टर्बो डिझेलमध्ये तिथे साधारण ८५० मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकच्या वर यायला हवं. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) नीट येत असूनही आकडा ६००-६५० ला थांबत असेल तर सेन्सर संशयित.

आता डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. इंजिन बंद असताना डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, शून्याजवळ हवं. गरम इंजिन आयडलला असताना ते साधारण ५ ते १५ मिलिबार असतं. जागेवर ३००० आरपीएमला १०० च्या वर जात असेल तर फिल्टर बराच तुंबला आहे. याचा ईजीआरशी थेट संबंध आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब वाढला की व्हॉल्व्हच्या तेवढ्याच उघडीपमधून जास्त धूर आत ढकलला जातो, हवा कमी पडते, काजळी वाढते आणि तीच काजळी पुन्हा डीपीएफमध्ये जाते. ईजीआर वारंवार अडकणाऱ्या गाड्यांमध्ये हे दुष्टचक्र फार वेळा सापडतं आणि तितक्याच वेळा नजरेतून सुटतं.

शेवटी कूलंटचं तापमान. साध्या चालवण्यात दहा-पंधरा मिनिटांत ते ८५-९० अंशांवर जाऊन स्थिर राहायला हवं. हायवेवर किंवा उतारावर ७० च्या खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. थंड इंजिनात अर्धवट जळलेलं डिझेल भिंतींवर चिकटतं आणि बऱ्याच गाड्यांत डीपीएफची साफसफाईही सुरू होत नाही. एका साध्या थर्मोस्टॅटमुळे दोन महागडे भाग खराब होतात.

वायरिंग आणि व्हॅक्यूम

मोटरवाल्या व्हॉल्व्हला सहसा पाच वायरी असतात: दोन मोटरच्या, तीन सेन्सरच्या. कनेक्टर काढून चावी ऑन करा. एका पिनवर ४.९ ते ५.१ व्होल्ट यायला हवेत. अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. कनेक्टर लावून मागून सुई टोचून सिग्नल वाचा: व्हॉल्व्ह बंद असताना बहुतेक गाड्यांत अर्धा ते दीड व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास. महत्त्वाचं म्हणजे मधला प्रवास सलग हवा. आकडा मध्येच शून्यावर पडून परत येत असेल तर सेन्सरचा पट्टा झिजला आहे आणि तो साफ करून नीट होणार नाही. नव्या गाड्यांत काही सेन्सर डिजिटल सिग्नल देतात, तिथे मल्टिमीटरचा आकडा निरर्थक असतो. स्कॅनरवर हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांची तुलना करा. दोन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक टिकून राहत असेल तर अडथळा आहे.

वायर तपासताना कनेक्टरच्या मागची पहिली दोन-तीन इंच जागा नीट हाताळा. इंजिन सतत हलत असतं आणि वायर तिथेच वाकते. प्लॅस्टिक साबूत दिसतं, आतले तांब्याचे धागे तुटलेले असतात. एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली असेल तर ती रबरासारखी ताणली जाते. अशी वायर गाडी थांबलेली असताना बरोबर वाचन देते आणि खड्ड्यात कोड टाकते.

जुन्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. हॅन्ड व्हॅक्यूम पंपाने ५०० मिलिबार ओढ लावा. आतला दांडा उचलला गेला पाहिजे आणि सुई मिनिटभर तरी जागची हलता कामा नये. सुई उतरली तर डायफ्रॅम फाटला आहे. इंजिन आयडलवर असताना हीच ओढ लावली तर इंजिन अडखळायला हवं; अडखळलं नाही तर धुराची वाट बुजलेली आहे. व्हॅक्यूमच्या ३-४ मिलिमीटरच्या नळ्या टोकाला चिरतात. चिरलेलं टोक कापून उरलेली नळी बसवणं हा तात्पुरता उपाय. रबर कडक झालं असेल तर पूर्ण नळी बदला. सोलेनॉइडवर छोटी फिल्टर टोपी असते, तीही तुंबते.

खोलणं आणि साफ करणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढून पंधरा मिनिटं थांबा आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण काही गाड्यांत अ‍ॅडब्लूचा (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या द्रवाचा) पंप चावी काढल्यावरही काही वेळ चालतो. व्हॉल्व्हच्या अंगातून कूलंटची नळी जात असेल तर ते कूलंट काढावं किंवा नळी चिमटावी लागेल. हातमोजे आणि मास्क घाला. ही काजळी फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

बोल्टवर आदल्या रात्री गंजनाशक तेल मारून ठेवा. सहा मिलिमीटरचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये धरलेले असतात आणि जोर दिला की तुटतात. पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा, असं करत बाहेर काढा. व्हॉल्व्ह निघाला की मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा. सुट्टा झालेला काजळीचा खडा आत पडला तर तो टणक असतो, इंजिनच्या इनटेक व्हॉल्व्हखाली अडकू शकतो.

साफ करायला हात लावण्याआधी काजळी नीट बघा, कारण मूळ दोषाचा पुरावा तिथेच असतो आणि क्लीनर मारला की तो धुऊन जातो.

बोट फिरवल्यावर कोरडी, मऊ, राखेसारखी भुकटी निघाली तर ज्वलन हवेअभावी होतंय: बूस्टची गळती, तुंबलेला फिल्टर, तुंबलेला डीपीएफ किंवा डिझेल जास्त सोडणारा इंजेक्टर. आयडलवर ईसीयू प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये करत असलेली कमी-जास्त स्कॅनरवर सहसा अधिक-उणे २ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकच्या आत असते. एखादा ३ च्या पुढे जात असेल तर परतीच्या डिझेलची बाटली-चाचणी करा. चारपैकी एक बाटली इतरांच्या दुप्पट भरत असेल तर दोषी सापडला.

काजळी चकचकीत, ओली, डांबरासारखी असेल आणि बोटाला तार सुटत असेल तर त्यात इंजिन ऑइल मिसळलं आहे. ऑइल ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातला वायू परत आत घेणाऱ्या वाटेतून) किंवा टर्बोच्या सीलमधून येतं. ब्रीदरच्या झाकणातला पडदा फाटलाय का बघा. इंटरकूलरच्या नळीत तेलाचा पातळ थर चालतो, खाली साठलेलं तेल चालत नाही. ऑइलची पातळी काडीवर बघा. ती वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर डीपीएफची सफाई अर्धवट होऊन डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल जास्त उडतं, ब्रीदरमधून जास्त येतं आणि मॅनिफोल्डमध्ये काजळीला चिकटवतं. इथे व्हॉल्व्ह कितीही घासला तरी उपयोग नाही. ऑइल बदलून डीपीएफचा प्रश्न आधी सोडवा. ऑइल भरताना डीपीएफसाठीचं कमी राखेचं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच घ्या.

तिसरा प्रकार: काजळीवर ओघळ, पांढरट डाग, किंवा एखादा भाग पाण्याने धुतल्यासारखा साफ. हे कूलरमधून झिरपणाऱ्या कूलंटचं चिन्ह आहे, त्याबद्दल खाली.

सफाईला ५०० मिलिलिटरचा कार्ब क्लीनरचा डबा एका व्हॉल्व्हला सहसा पुरतो. मोटर वरच्या बाजूला आणि धातूचं तोंड खाली अशा स्थितीतच धरा, म्हणजे द्रव मोटरकडे आणि सेन्सरकडे जाणार नाही. संपूर्ण व्हॉल्व्ह डब्यात बुडवू नका. फवारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, पुसा, पुन्हा फवारा. तीन-चार फेऱ्या लागतात. पितळी ब्रश फक्त स्टीलच्या दांड्यावर. जिथे झडप टेकते ती कडा कशानेही खरवडू नका, तिथला ओरखडा म्हणजे कायमची गळती. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम खाल्लं जातं, तो वापरू नका. मोटरवाल्या व्हॉल्व्हची झडप स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्तीने उघडू नका, आतले प्लॅस्टिकचे दात तुटतात. स्कॅनरच्या अ‍ॅक्च्युएटर टेस्टने उघड-मीट करा आणि तेव्हा बोटं लांब ठेवा.

मिटतो का हे तपासायला झडप बंद ठेवून वर चमचाभर रॉकेल ओता. दहा मिनिटांत एखाद-दुसरा थेंब उतरला तर ठीक. धार लागली तर कडा खराब झाली आहे, व्हॉल्व्ह बदला. हुकूम आणि जागा रिकाम्या अवस्थेतही जुळत नसतील तरी बदलाच.

व्हॉल्व्ह चकाचक करून वाट तशीच सोडणं ही नेहमीची चूक. मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारून बघा. ४०-४५ मिलिमीटरचं तोंड कधीकधी करंगळी जेमतेम जाईल इतकं उरलेलं असतं. पाइप आणि कूलरची तोंडंही बघा. मॅनिफोल्ड इंजिनवर बसलेला असताना आत काजळी पाडू नका. फार भरला असेल तर तो उतरवूनच साफ करायला हवा. इनटेक थ्रॉटलची झडपही साफ करा. ती थोडी मिटते तेव्हाच धूर ओढला जाण्याइतका दाबाचा फरक तयार होतो. ती उघडी अडकली असेल तर चांगला व्हॉल्व्ह असूनही पी०४०१ येत राहतो.

चालू इंजिनात नळीतून क्लीनर फवारण्याचा मार्ग टाळा. डिझेल इंजिन आत जाणाऱ्या कोणत्याही ज्वालाग्राही द्रवावर चालतं. जास्त फवारला तर रेस स्वतःहून चढते आणि चावी फिरवूनही इंजिन थांबत नाही.

बसवताना गॅस्केट आणि ओ-रिंग नवीनच घाला. जुनी धातूची गॅस्केट एकदा दाबली गेली की पुन्हा तितकी बसत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर सहा मिलिमीटरचे बोल्ट १० न्यूटन मीटर, आठचे २० ते २५. सगळे बोल्ट हाताने लावून मग पान्याने क्रमाने आवळा, नाहीतर पाइपवर ताण येऊन त्याची वळीदार नळी काही दिवसांनी चिरते.

कूलर

बाहेर कुठेही ठिपका नाही, तरी कूलंटची पातळी उतरते. सकाळी स्टार्ट करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. अशा वेळी हेड गॅस्केट गेली असं मानून हेड उतरवलं जातं. टाकीतला वायू तपासणारं रंग बदलणारं रसायनसुद्धा इथे फसवतं, कारण ईजीआर कूलर फुटला तरी धुरातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये जातो आणि चाचणी पॉझिटिव्ह येते. हेडला हात लावण्याआधी कूलर वगळा. व्हॉल्व्हच्या बाजूचा पाइप काढा, कूलंटच्या टाकीवर प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, म्हणजे १ ते १.५ बार दाब द्या आणि तासभर, शक्य असेल तर रात्रभर ठेवा. कूलरच्या तोंडात टिश्यू पेपर घालून ठेवा. सकाळी ओला निघाला तर दुसरा पुरावा लागत नाही. भेग गरम झाल्यावरच उघडते अशीही शक्यता असते, म्हणून थंड चाचणी पास झाली तरी गरम इंजिनावर एकदा करा.

गळका कूलर घेऊन गाडी चालवत राहू नका. कूलंट सिलिंडरमध्ये साठून इंजिन लॉक होऊ शकतं. आगीचाही धोका खरा आहे: ग्लायकॉल काजळीत मुरतं, गरम धुराने ते मिश्रण धुमसतं आणि प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड वितळतो. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना याच कारणाने आगी लागल्या आणि कंपनीने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कूलर फुटला असेल तर डाग देण्याच्या किंवा गळती बुजवणारं द्रव टाकण्याच्या फंदात पडू नका, बदला.

ईजीआर कायमचा बंद केला तर?

पत्र्याची पट्टी घालून वाट बंद करणं किंवा सॉफ्टवेअरमधून ईजीआर काढणं हा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक देशांत प्रदूषण नियंत्रणाचा भाग निकामी करणं कायद्याने गुन्हा आहे आणि तपासणीत गाडी नापास होते. तांत्रिकदृष्ट्याही काम संपत नाही: नुसती पट्टी घातली तर पी०४०१ पक्का, आणि अ‍ॅडब्लूवाल्या गाडीत नायट्रोजन ऑक्साइड वाढल्याने अ‍ॅडब्लू जास्त लागतं. शिवाय बूस्टची गळती, बिघडलेला इंजेक्टर किंवा उडणारं ऑइल तसंच राहतं. त्याची किंमत टर्बो किंवा डीपीएफ चुकवतो. ज्या श्वासातून हा वायू जातो तो आपल्याच घरातल्या माणसांचाही असतो.

बसवल्यानंतर

बॅटरी जोडा, चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरमधून ईजीआर अ‍ॅडॅप्टेशन करा. व्हॉल्व्ह मिटलेल्या आणि उघडलेल्या टोकांची नोंद ईसीयू नव्याने घेतो. हे राहिलं तर साफ केलेला किंवा अगदी नवाकोरा व्हॉल्व्हही पी०४०४ टाकतो, आणि मग चांगला व्हॉल्व्ह खराब ठरवून परत पाठवला जातो. नवीन घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला सारख्या व्हॉल्व्हचे सेन्सर वेगळे असतात.

कूलंट काढलं असेल तर भरून हवा काढा. इंजिन चालू करून जोडांवर कान द्या; फुसफुस आवाज किंवा काळा ठिपका दिसला तर गॅस्केट वाकडी बसली आहे. मग वीस-तीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर २००० ते २५०० आरपीएममध्ये चालवा आणि परत आल्यावर तीन आकडे वहीत लिहा: आयडलला ईजीआर बंद असतानाचे मिलिग्रॅम, उघडा असतानाचे मिलिग्रॅम आणि ३००० आरपीएमला डीपीएफचा दाब.

५०० किलोमीटर झाले की हेच तीन आकडे पुन्हा वाचा. तिन्ही जागच्या जागी असतील तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायची गरज नाही. बंद असतानाचा आकडा खाली सरकला असेल तर एअर फिल्टर, एअर फ्लो सेन्सर आणि झडपेची कडा बघा. उघडा असतानाचा आकडा वर चढला असेल तर वाट पुन्हा भरतेय, इंजेक्टर आणि ब्रीदरकडे परत जा. आणि डीपीएफचा दाब वाढला असेल तर व्हॉल्व्ह न खोलता आधी डीपीएफमधली काजळी साफ करून घ्या.